ओहोळाला पाणी आलं की शाळेचं काय करायचं? सुट्टी, मोबाईल, पाड्यावरचा वर्ग की वेळ बदलायची

मे संपत आला की आमच्याकडे दोन कामं एकदम निघतात, एक घर शाकारायचं आणि दुसरं शाळेच्या बैठकीचं. मी गेली तीन वर्षं आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे, नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलच्या बाजूला, आणि दरवर्षी पहिल्या बैठकीत तोच विषय निघतो, पावसात काय करायचं. परवा शेजारच्या गावच्या समितीतल्या एका ताईंचा फोन आला, म्हणाल्या आम्हाला १५ जूनच्या आत काहीतरी ठरवायचंय, तुम्ही काय काय करून बघितलं ते सांगा. त्यांना जे सांगितलं तेच जरा नीट मांडते, कारण असं ठरवायला बसलेल्या समित्या अजून बऱ्याच असणार.

आधी एक गोष्ट. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आणि पाऊस बघायला गेलं तर हे दोन-तीन वेगळे जिल्हे वाटतील इतका फरक. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि नांदगाव-मालेगावकडे ५०० च्या आसपास. म्हणजे आमची अडचण ओहोळाची, निफाडच्या गोदाकाठची अडचण धरणाच्या पाण्याची, मालेगाव-येवल्याची उन्हाची. त्यामुळे दुसऱ्या तालुक्यातला उपाय जसाच्या तसा उचलू नका, मी खाली जे लिहितेय ते मुख्यतः इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा अशा डोंगराकडच्या शाळांना धरून आहे, बाकीच्यांचं शेवटी थोडं आहे.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे सुट्टी. जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्ह्याला किंवा काही तालुक्यांना सुट्टी जाहीर करतात, ती आली की प्रश्न मिटला, कोणी मुलाला घराबाहेर काढत नाही. ज्या दिवशी रेड अलर्ट आहे त्या दिवशी यावर चर्चाच नको, शाळा बंद म्हणजे बंद. पण अडचण बाकीच्या दिवसांची आहे. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. पण इशारा दिला जातो तो मोठ्या भागाला धरून. आमच्या ओहोळाला काही त्यातलं कळत नाही, वरच्या डोंगरावर दीड तास धो धो पडला आणि खाली शाळेजवळ नुसती भुरभुर असली तरी ओहोळ भरून येतो. यलो अलर्टच्या दिवशी आमची पोरं अडकलीत आणि ऑरेंजच्या दिवशी सगळं कोरडं ठणठणीत, असं दोन्ही झालंय. अलर्ट बघताना एवढं तरी करा, नुसतं 'नाशिक' बघू नका, 'नाशिक घाट' असं वेगळं दिलेलं असतं ते बघा, आपल्याला ते लागू.

आणि दुसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुट्टीचा सगळा विचार सकाळचा असतो. सकाळी पाणी नाही, पोरं आली, भात खाल्ला, आणि साडेतीनला झड लागली. माझी धाकटी दुसरीत होती तेव्हा असंच झालं, सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलेली पोरगी संध्याकाळी पलीकडच्या काठावर उभी आणि मी अलीकडे, मधे पाणी नुसतं गढूळ आणि त्याचा आवाज एवढा की हाक ऐकू जात नव्हती. ती रात्र ती शाळेजवळ माझ्या चुलत जावेकडे राहिली. मला झोप लागली नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक पर्यायाला पहिला प्रश्न हाच विचारते, की येताना काय ते सांगू नका, जाताना काय ते सांगा. सकाळी जाहीर होणाऱ्या सुट्टीकडे याचं उत्तर नाही.

सुट्टीची भरपाई हा पण मुद्दा आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास शिकवणं धरलंय. समजा पावसात आठ दिवस बुडाले. रोज एक तास जादा घेतला तर महिना-सव्वा महिन्यात तास भरून निघतात, पण दिवस भरत नाहीत, त्याला रविवार नाहीतर दिवाळीच्या सुट्टीतले दिवस घ्यावे लागतात. आणि दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेली असतात, पोरं बरोबर. म्हणजे भरपाई कागदावर होते, ज्या पोराचं बुडालं त्याच पोराची होईल याची खात्री नाही. शिवाय सुट्टीच्या दिवशी खिचडी शिजत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, ऐकायला कमी वाटतं, पण आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसात आईबाप उजाडल्यापासून खाचरात असताना दुपारचं ते एक ताट किती मोठं असतं हे आम्हाला माहितीये.

आता मोबाईल. कोरोनात सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे बैठकीत कोणी ना कोणी म्हणतंच की ऑनलाइन घ्या की. धोका शून्य, खर्च शाळेला शून्य, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी ॲपवर धडा निघतो, हे सगळं खरं. पण आमच्याकडे वादळवाऱ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही, टॉवरची बॅटरी संपली की रेंज जाते, म्हणजे ज्या दिवशी मोबाईलची गरज त्याच दिवशी मोबाईल बंद. घरात फोन एक, तो बापाबरोबर कामावर. आणि पहिली-दुसरीचं पोर मोबाईलवर वाचायला शिकत नाही, त्याच्या शेजारी कुणीतरी बसावं लागतं. सहावी-सातवीच्या मुलांना उजळणीला बरा, त्यापुढे मी याच्यावर भरवसा टाकणार नाही. त्यापेक्षा जूनमध्येच प्रत्येक मुलाला पंधरा-वीस पानांचे सराव कागद झेरॉक्स करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी देऊन ठेवले तर जास्त उपयोग होतो, आम्ही दिले होते, पोरांनी चुलीजवळ बसून सोडवले.

तिसरा पर्याय पाड्यावरचा वर्ग, आणि माझं मत याच्याच बाजूने आहे हे आधीच सांगते. कल्पना साधी, शाळा तशीच चालू, पण ओहोळापलीकडच्या पोरांनी पावसाळ्यात ओहोळ ओलांडायचाच नाही, त्यांचा वर्ग त्यांच्या पाड्यावर. आम्ही हे ठरवायच्या आधी एक यादी केली, कुठलं मूल कुठल्या पाड्याचं आणि वाटेत त्याला काय काय लागतं, फरशी, मोरी, उघडा ओहोळ, दरडीची वाट. करायला एक संध्याकाळ लागली. निघालं काय, तर पटावरच्या ४६ पैकी फक्त ११ पोरांना पाणी ओलांडावं लागत होतं. त्या ११ साठी कधी सगळी शाळा बंद व्हायची, आणि कधी सगळी शाळा चालू म्हणून ती ११ जीवावर उदार होऊन यायची. यादी बघितल्यावर बैठकीत कुणी वाद घातला नाही.

जागा बघायला गेलं तर अंगणवाडी, समाजमंदिर, नाहीतर कुणाची तरी मोठी पडवी. आमच्याकडे अंगणवाडीचा पत्रा आहे आणि जोराच्या पावसात पत्र्याखाली शिकवलेलं अक्षरशः ऐकू येत नाही, म्हणून आम्ही एका काकूंची कौलारू पडवी घेतली. शिकवणार कोण हा खरा अवघड भाग. शाळा द्विशिक्षकी, दोन्ही गुरुजी बाहेरून येणारे, त्यातला एक पाड्यावर पाठवला तर शाळेत एकावर चार वर्ग येतात. आम्ही पाड्यावरच्याच एका बारावी झालेल्या मुलीला सांगितलं, लोकवर्गणीतून थोडं मानधन ठरवलं, आणि गुरुजी पाणी उतरलेलं असेल त्या दिवशी आठवड्यातून दोनदा तिकडे जाऊन पुढचं काम लावून द्यायचे. ती मुलगी शिक्षक नाही, गणिताच्या भागाकाराला ती अडली, हे मान्य. पण पोरं रोज बसली, वाचली, आणि सप्टेंबरात परत शाळेत आली तेव्हा मागे पडलेली नव्हती, ते आम्ही वाचून घेऊन बघितलं.

यात अडकायला होतं ते दोन ठिकाणी. एक हजेरी, पाड्यावर बसलेलं मूल शाळेत हजर धरायचं की नाही, हे केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना जूनमध्येच लेखी विचारून घ्या, तोंडी 'बघू' वर राहू नका. दुसरं जेवण, तांदूळ तिकडे पाठवून शिजवता येईल का हेही त्याच पत्रात विचारा. खर्च म्हणाल तर मानधन, एक फळा, दोन ताडपत्र्या, एवढंच. शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटाप्रमाणे अनुदान येतं, ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये आणि १०० पर्यंत २५,०००, त्यात खडू-दुरुस्तीपासून सगळं बसवायचं असतं, म्हणून मानधन लोकवर्गणीतूनच करा, नाहीतर गळकं छत तसंच राहतं.

वेळ बदलणं हा चौथा पर्याय, आणि तो एकटा पुरत नाही पण दुसऱ्या कशाबरोबर जोडला तर फार कामाचा. डोंगराकडे दुपारनंतर जोर धरतो असं अनेकदा होतं, परतीच्या पावसात तर विजांसकट बहुतेकदा दुपारनंतरच, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळा लवकर भरवून लवकर सोडली तर पोरं उजेडात, विजा सुरू व्हायच्या आत घरी जातात. एसटीने येणाऱ्या मोठ्या मुलींचं मात्र बघा, गाडी एकच असेल तर शाळा दोनला सुटून उपयोग काय, चार-पाचपर्यंत स्टँडवर बसून राहतात. आधी आगाराशी बोला, मग वेळ ठरवा. विजेसाठी गुरुजींच्या फोनवर दामिनी ॲप असू द्या, जवळपास वीज पडायची शक्यता असेल तर ते सांगतं, रेंज असेल तेव्हा.

काही जण पाचवा मार्ग काढतात, मुलाला आश्रमशाळेत टाकतात, ओहोळाची कटकटच नको. मोठ्या मुलांचं मी समजू शकते, पुढे शिकायचं तर कधीतरी घर सोडावंच लागतं. पण सहा-सात वर्षांचं लेकरू नुसत्या एका ओहोळापायी वर्षभर आईपासून लांब ठेवायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

आणि पूल होईल तेव्हा बघू असं म्हणून थांबू नका. साकवाची, म्हणजे ओहोळावरच्या छोट्या पुलाची मागणी करत राहा, ग्रामसभेत ठराव घ्या, दरवर्षी घ्या, पण मधल्या काळाचं वेगळं ठरवा. आमच्याच तालुक्यात शेंद्रीपाड्याला तास नदीवर बायका लाकडाच्या ओंडक्यावरून पाणी आणायला जायच्या, ते फोटो सगळीकडे आले, २०२२ च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल झाला आणि त्याच जुलैच्या पुरात वाहून गेला. तात्पुरत्या पुलाला पूल धरून पोरांचं वेळापत्रक आखायचं नाही, एवढं आम्ही त्यातून घेतलं.

आता बाकीच्या तालुक्यांचं थोडक्यात. निफाडच्या गोदाकाठी सायखेडा-चांदोरीकडे असाल तर तुम्हाला सुट्टीच बरी, कारण तिथलं पाणी गंगापूर, दारणा या धरणांतून सोडलेलं येतं, विसर्ग किती ते आधी जाहीर होतं, काही तास हातात असतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीने काय केलं ते त्या गावांना सांगायला नको. पण तिथे एक जास्तीचं ठरवा, पुरात लोकांना हलवायचं झालं तर शाळेच्याच खोल्या लागतात, म्हणजे पाऊस थांबला तरी शाळा चार-पाच दिवस भरत नाही, तेव्हा वर्ग कुठे ते आत्ताच बघून ठेवा आणि दप्तरं-रजिस्टरं वरच्या फळीवर. निफाडच्या थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तिथे आणि मालेगाव-नांदगावच्या उन्हाला वेळ बदलणं एवढा एकच पर्याय पुरतो, बाकी काही करायची गरज नाही.

फोन करणाऱ्या ताईंना मी सांगितलं ते असं, की तुमच्या यादीत पाणी ओलांडणारी पोरं पाच-सहाच असतील आणि ओहोळाच्या अलीकडे त्यांचे कुणी नातेवाईक असतील तर पाड्यावरच्या वर्गाचा पसारा नको, सुट्टी आणि लवकर सोडणं यावर भागवा, आणि पाणी आलंच तर कुठलं मूल कुणाच्या घरी राहणार हे आईबापाच्या सहीने वहीत लिहून ठेवा. आठ-दहाच्या वर असतील आणि पाड्यावर बारावी झालेलं कुणी असेल तर वर्गच करा. दोन्हीपैकी काहीही निवडलं तरी शाळा वेळेआधी सोडून द्यायचा हक्क गुरुजींना असू द्या, दुपारी वरच्या डोंगरावर काळं दिसलं तर त्यांनी कुणाच्या फोनची वाट बघायची नाही.

आणि खूण करा. नाशिकला गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, सगळं शहर तेवढ्यावर समजून जातं. आमच्या ओहोळाला मारुती नाही, पण काठाला एक मोठा काळा खडक आहे, त्याच्यावर आम्ही तांबड्या रंगाची रेघ मारलीये, पहिलीतल्या पोराच्या घोट्याच्या मापाने. रेघ बुडाली की कुणी पलीकडे जायचं नाही, मोठ्या माणसाने हात धरला तरी नाही, कारण गुडघ्याएवढं वाहतं पाणी मोठ्यालाही पाडतं. मागच्या पावसाळ्यात ती पुसट झालीये. रंगाचा डबा आणलाय, खडक कोरडा आहे तोवर या रविवारी पोरांनाच बरोबर घेऊन परत मारायची आहे.