डायमंड एटीआरवालं एफटीआयआर: मेम्ब्रेनच्या कामाला कितपत उपयोगी?

एफटीआयआर म्हणजे नमुना इन्फ्रारेड प्रकाश कुठे कुठे शोषतो ते मोजणारं मशीन; डायमंड एटीआर म्हणजे नमुना हिऱ्यावर ठेवून हिऱ्यातूनच प्रकाश देण्याची सोय. आमच्या लॅबमध्ये हे मशीन मुख्यतः एकाच कामाला जुंपलेलं आहे. कॅन्सर पेशींच्या मेम्ब्रेनमधल्या (पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातल्या) प्रोटीनची घडी निरोगी पेशींपेक्षा वेगळी आहे का, ते बघायचं.

नमुन्याचं काम एकदम सोपं. मेम्ब्रेन सस्पेन्शनचा थेंब हिऱ्यावर टाका, नायट्रोजनच्या हलक्या झोतात वाळवा, स्कॅन मारा. ना डाय, ना अँटिबॉडी. थेंब वाळताना स्पेक्ट्रममध्ये (शोषणाच्या आलेखात) १६४० च्या आसपासचा पाण्याचा डोंगर खचत जातो आणि त्याच्याखालून अमाइड-१ चा, म्हणजे प्रोटीनच्या कण्याचा, पट्टा वर येतो. हे बघायला मला अजूनही मजा येते. (आकडे सगळे वेव्हनंबरचे, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये प्रकाशाच्या किती लहरी बसतात त्याचे; एकक प्रति सेंटिमीटर.) प्रोटीनच्या घडीच्या दोन तऱ्हा इथे दिसतात: १६५५ जवळ अल्फा हेलिक्स, १६३० जवळ बीटा शीट. १७४० ला लिपिडचा (मेम्ब्रेनमधल्या स्निग्ध रेणूंचा) एस्टर दिसतो, म्हणजे लिपिडच्या मानाने प्रोटीन किती, याचाही अंदाज त्याच स्कॅनमध्ये येतो.

‘अख्ख्या पेशी ठेवा, मेम्ब्रेन वाचा’ असं डेमोत कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. मेम्ब्रेनची जाडी ७-८ नॅनोमीटर, आणि इथला प्रकाश नमुन्यात साधारण मायक्रोमीटरभर शिरतो. सायटोप्लाझमही त्यात आलंच. मेम्ब्रेन आधी अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर (नमुना प्रचंड वेगाने फिरवणाऱ्या यंत्रावर) वेगळी काढावीच लागते, आणि खरा वेळ तिथेच जातो.

मोठी कटकट बाष्पाची. हवेतल्या बाष्पाच्या टोकदार रेषा नेमक्या अमाइड-१ वर बसतात आणि सेकंड डेरिव्हेटिव्ह (एकमेकांत मिसळलेले पीक सुटे दाखवणारं गणित) काढलं की खऱ्या पीकच्या थाटात मिरवतात. आमच्या मशीनच्या सॅम्पल कप्प्याचं झाकण नीट बसत नव्हतं. सर्व्हिस इंजिनिअरचं उत्तर: सॉफ्टवेअरमधून वजा करा! शेवटी गॅस्केट बदलून घेतलं आणि कोरड्या हवेचा पर्ज (आतलं बाष्प हाकलणारा झोत) कायम चालू ठेवला, तेव्हा कुठे बेसलाइन सुधारली.

‘सेकंडरी स्ट्रक्चर’ नावाचं एक बटण आहे, हेलिक्स किती, शीट किती याची टक्केवारी दशांशासकट देतं. मॅन्युअल वाचलं तर कळतं की त्याचं कॅलिब्रेशन पाण्यात विरघळणाऱ्या प्रोटीनवर केलंय. मेम्ब्रेनसाठी मी त्याला हात लावत नाही. दोन नमुन्यांचे स्पेक्ट्रम एकावर एक ठेवून फरक बघते. फरक दिसला तरी तो कुठल्या मेम्ब्रेन प्रोटीनमुळे, एचईआर-२ मुळे की ईजीएफआरमुळे, हे हे मशीन सांगणार नाही. त्यासाठी एकेक प्रोटीन ओळखणाऱ्या पद्धतीच हव्यात: वेस्टर्न ब्लॉट किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री.

पाचपैकी साडेतीन. नमुना भरपूर मिळत असेल तर साध्या डीटीजीएस डिटेक्टरवर भागतं. थेंबभरच हाती लागत असेल तर जास्त संवेदनशील एमसीटी डिटेक्टर घ्या, तो थंड ठेवायला द्रव नायट्रोजन भरत बसायची तयारी ठेवून.