सीनेचा पूर, भीमेचा गाळ: हेक-रास घ्यावं की डेल्फ्ट-थ्रीडी?

दर जूनमध्ये एम.टेक.चं कुणीतरी विचारतं, "सर, सीना नदीचं संगणकावर मॉडेल करायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" मी उलट विचारतो: पाणी कुठवर चढेल ते हवंय, की गाळ कुठं बसेल ते? निम्मे जण "दोन्ही" म्हणतात. तिथंच प्रबंध सहा महिने लांबतो.

हेक-रास हे नदीच्या प्रवाहाचं सॉफ्टवेअर, अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचं. फुकट मिळतं, विंडोजवर चालतं. मूळ रूप एकमितीय: नदीचे आडवे छेद द्यायचे, पाणी एका छेदातून पुढच्या छेदात जातं. 2016 च्या 5.0 आवृत्तीत द्विमितीय प्रवाह आला, म्हणजे पाणी आडवंही पसरू लागलं, 2021 च्या 6.0 मध्ये द्विमितीय गाळ. डेल्फ्ट-थ्रीडी नेदरलँड्सच्या डेल्टारेसचं, 2011 पासून खुलं. त्याचा नावलौकिक खाड्या आणि किनाऱ्यांवरचा. याच जातीचं टेलेमॅकही खुलं आणि दमदार आहे, पण आपल्याकडं अडल्यावर विचारायला माणूस सापडत नाही. माईक हे विकतचं सॉफ्टवेअर, त्याचा परवाना स्वतःच्या खिशातून घेण्यासारखा नाही.

आधी पूर. उजनी आणि वीर धरणांतून सोडलेलं पाणी नीरा नरसिंहपूरला एकत्र येऊन पंढरपूरला कधी पोचेल, एवढंच हवं असेल तर एकमितीय हेक-रास पुरे. साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत उत्तर. पण 2025 च्या सप्टेंबरात सीना पात्र सोडून शिवारात आणि गावांत शिरली, लांबोटीजवळ महामार्ग बंद पडला. तसलं पाणी छेदाछेदानं चालत नाही, बांध आणि रस्त्यांचे भराव शोधत आडवं पसरतं. तिथं द्विमितीयच हवं, आणि तेही हेक-रासचंच घ्या. एवढ्यासाठी डेल्फ्ट शिकायची गरज नाही.

खरी गोम तळात असते. मी एकदा पात्राचे छेद अंतराळयानातून रडारनं घेतलेल्या उंचीच्या नकाशावरून, एसआरटीएमवरून, काढले. बंधाऱ्यामागं नदीचा तळ टेबलासारखा सपाट आला आणि पूर इतका चढला, की काठावरचे एक आजोबा म्हणाले, "एवढं पाणी हितं आमच्या बापजाद्यांनी बघितलं न्हाई." आकडे तपासल्यावर उमगलं: ती मोजणी फेब्रुवारी 2000 मधली. फेब्रुवारीत कोल्हापुरी बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, मागं पाणी तुंबलेलं असतं. रडार पाण्याखाली बघत नाही, त्यामुळं मी पाण्याच्या पृष्ठभागालाच तळ समजलो होतो. शिवाय नकाशाच्या 30 मीटरच्या एकेका चौकटीत सीनेचं पात्र कितीसं दिसणार! मग होडीत बसून दांडा बुडवत छेद घेतले. पात्रातल्या वेड्या बाभळीही मोजा. पात्र पाण्याला किती अडवतं ते सांगणारा आकडा, मॅनिंगचा n, मोकळ्या पात्राला 0.03 धरतात, दाट झुडपात तो 0.07 च्याही वर जातो.

आता गाळ. एंगेलुंड-हॅन्सनच्या सूत्रात वाळूची वाहतूक वेगाच्या पाचव्या घाताप्रमाणे वाढते. म्हणजे वेग 20 टक्के चुकला की वाळू अडीचपट चुकली. त्यात आपला बराचसा गाळ वाळू नाहीच, काळ्या रानाची चिकणमाती. ती कणाकणानं लोळत नाही, चिकटून बसते. वाहत्या पाण्याच्या किती ताणाला सुटते हे नमुन्यावर तपासावं लागतं. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी पार्थेनियाडीस आणि क्रोन यांची पद्धत आहे. आयते आकडे ठेवलेत तर दोन्ही सारखंच खोटं बोलतील.

उजनीच्या जलाशयात वीस वर्षांत गाळ कसा सरकेल, यासाठी मी एकमितीय हेक-रासच घेईन. लांबट जलाशय, लांबचा काळ. द्विमितीयनं तेच करायला मशीन दिवसचे दिवस अडकेल. डेल्फ्टमध्ये तळातला बदल ठरावीक पटीनं वाढवून काळ वाचवायची युक्ती आहे. रोज येणाऱ्या भरती-ओहोटीला ती शोभते. सीनेसारखी नदी वर्षभराचं काम दोन-चार दिवसांत उरकते, तिथं ती युक्ती जपून वापरा. आणि आज गाळ किती साठलाय एवढंच विचारायचं असेल तर मॉडेल कशाला? होडी आणि इको-साउंडर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र, घ्या.

डेल्फ्ट मी एकाच ठिकाणी काढीन: भीमेवरच्या औज बंधाऱ्यामागं किंवा टाकळीच्या उपशाच्या विहिरीपाशी, जिथं वरच्या थरात गढूळपणा किती आणि तळाशी किती हे वेगळं कळायला हवं. तिथं पाण्याची खोलीच प्रश्न आहे, आणि हेक-रास खोलीभर सरासरी काढून मोकळं होतं.

कुठलंही घेतलंत तरी केंद्रीय जल आयोगाच्या मोजणी केंद्रांच्या नोंदी आधी मागवा: सीनेसाठी वडकबाळ, भीमेसाठी टाकळी. दोन्ही सोलापूर-विजापूर रस्त्यावर, एका सकाळीत बघून होतात. येताना काठावरचा गाळ बादलीभर घेऊन या, प्रयोगशाळेत लागेल.