मतदारांसाठी पत्रक लिहिताय? प्रश्नोत्तरं की क्रमवार, माझा अनुभव

आमचा पंधरा-वीस जणांचा गट आहे, कुठल्याही पक्षाचा नाही, निवडणूक आली की मतदारांसाठी एक पत्रक काढतो आणि घरोघरी वाटतो. लिहायचं काम गेल्या दोन्ही वेळी माझ्याकडे आलं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मी सगळं प्रश्नोत्तरांत लिहिलं आणि जानेवारी २०२६ च्या महापालिकेला क्रमवार, म्हणजे आधी हे बघा, मग तिथे जा, मग हे करा. आता ओळखीच्या दोन-तीन गटांतले लोक विचारतायत की आम्ही कसं लिहू, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. फॉर्म ६ (नवीन नावनोंदणी) कशाला, फॉर्म ८ (पत्ता बदल, दुरुस्ती) कशाला, बीएलओ (आपल्या भागातली मतदार यादी सांभाळणारा अधिकारी) कोण हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

प्रश्नोत्तरांचं आधी सांगतो, कारण त्यांच्यावर माझा जीव होता. २०२४ ला आम्ही यादीत नाव शोधून द्यायचं टेबल लावायचो संध्याकाळी, तिथे मी वही घेऊन बसलो आणि लोक जे विचारत होते ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं. "कार्ड आहे ना माझ्याकडे, मग यादीत नाव कसं नाही?" हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि तो जसाच्या तसा छापला म्हणूनच लोकांनी उत्तर वाचलं असं मला वाटतं. कार्ड हातात असणं वेगळं आणि या वेळच्या यादीत नाव असणं वेगळं, हे आपण कितीही समजावून सांगितलं तरी परिच्छेदात लिहिलेलं कोणी वाचत नाही, पण स्वतःचाच प्रश्न समोर दिसला की माणूस थांबतो. तसंच "घरी आलेली चिठ्ठी दाखवली की झालं ना?" चिठ्ठी फक्त माहितीसाठी, ओळखपत्र म्हणून ती २०१९ पासून चालत नाही, मतदार ओळखपत्र किंवा निवडणूक आयोगाने सांगितलेल्या १२ कागदपत्रांपैकी एक सोबत लागतं, हे त्या एका प्रश्नामुळे लोकांना कळलं.

आणि प्रश्नोत्तरांचा खरा उपयोग अडलेल्या माणसाला होतो. "माझ्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर?" याचं उत्तर होतं की परत फिरू नका, केंद्राध्यक्षांना सांगा, ओळख पटली की तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, त्याला प्रदत्त मत म्हणतात, ते मशीनमध्ये न जाता वेगळं ठेवलं जातं. आमच्याच भागातले एक आजोबा, त्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं, त्यांनी पत्रक खिशातून काढून 'प्रदत्त मत' हा शब्द वाचून दाखवला आणि मत देऊनच बाहेर आले. क्रमवार पत्रकात असल्या माणसाला जागाच नसते. तिथे प्रत्येक पायरी असं धरून चालते की आधीची पायरी सुरळीत पार पडली. नाव सापडलं, रांगेत उभे राहिलात, सही केलीत, शाई लागली. ज्याचं नाव पहिल्याच पायरीवर सापडत नाही त्याच्यासाठी पुढचं सगळं पान वाया, आणि खरं तर त्यालाच मदतीची जास्त गरज असते. हा दोष मी कमी लेखत नाही.

मग मी महापालिकेला क्रमवारकडे का वळलो? खरं सांगायचं तर चार मतांमुळे. मुंबई सोडली तर बाकी महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, आमच्याकडे एका प्रभागात चार जागा, अ ब क ड, म्हणजे एका मतदाराने चार मतं द्यायची. हे मी आधी प्रश्नोत्तरांत लिहून बघितलं. "किती मतं द्यायची?" "एखाद्या जागेचा कोणीच उमेदवार पसंत नसेल तर?" "बीप कधी वाजतो?" तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळी उत्तरं, आणि घरात वाचायला दिलं तर बायको पहिलं उत्तर वाचून थांबली आणि म्हणाली कळलं, चार मतं. बीपचं तिने वाचलंच नव्हतं. तेच क्रमाने लिहिलं: अ जागेसाठी एक बटण दाबा, मग ब, मग क, मग ड, कुठल्या जागेला कोणी नको असेल तर त्या जागेचं नोटा दाबा, चारही झाल्यावरच बीप वाजेल, तो ऐकल्याशिवाय बाहेर पडू नका. एका दमात वाचून होतं. वस्तीत आम्ही माईकवरून वाचलं तेव्हाही हेच जाणवलं, क्रमवार मजकूर कानाने ऐकून लक्षात राहतो, प्रश्नोत्तरं ऐकताना लोक प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं यातच हरवतात. ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा घरी राहिलाय त्यांचा विचार करत असाल तर एवढ्या एका मुद्द्यावरही निर्णय होऊ शकतो.

निःपक्षपातीपणाचं थोडक्यात बोलतो, नाहीतर यावरच पान भरेल. प्रश्न निवडणं हीच एक भूमिका असते. "नोटा दाबून काय उपयोग?" असा प्रश्न छापला की उत्तर कितीही सरळ लिहा, प्रश्नाने आधीच काहीतरी सुचवलेलं असतं. "मशीनवर भरवसा ठेवायचा का?" हा तर आमच्या वहीत पाच वेळा होता, छापला असता तर एका बाजूचे रागावले असते आणि वगळला म्हणून दुसऱ्या बाजूच्या एकाने विचारलंच. क्रमवार लिहिताना ही कसरत बरीच कमी होते कारण तिथे मत मांडायला फटच राहत नाही, बटण कुठे आहे आणि दाबल्यावर काय होतं एवढंच. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखीच सांभाळावी लागते, चित्रं आणि रंग. मशीनच्या चित्रात कुठलंही चिन्ह काढू नका, नुसते चौकोन आणि आकडे ठेवा, आणि पत्रक एकाच काळ्या शाईत छापा. आपल्याकडे कुठलाही रंग घेतला तरी तो कोणाचा ना कोणाचा आहेच. खाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव टाका, म्हणजे कोणी काढलंय हा संशयच नको.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरतं ठरलं ती सांगतो.

१५ जानेवारीला, मतदानाच्या दिवशी, मी केंद्रापासून लांब आमच्या टेबलाच्या खुर्च्या आवरत होतो. पावणेसहा झाले असतील. एक ताई जवळजवळ पळत आल्या, हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून आल्या होत्या, गळ्यात ओळखपत्राची दोरी तशीच होती. गेट बंद झालेलं. साडेपाचला रांगेत जे होते तेवढ्यांनाच आत घेतलं होतं. त्या म्हणाल्या अहो पण सहापर्यंत असतं ना, आणि मोबाईल काढून दाखवला. स्क्रीनवर आमचंच उत्तर होतं. २०२४ च्या पत्रकातला एकच चौकोन कोणीतरी कापून फॅमिली ग्रुपवर टाकलेला, खाली आमच्या गटाचं नाव. प्रश्न: मतदान किती वाजेपर्यंत असतं? उत्तर: सकाळी ७ ते संध्याकाळी ६. विधानसभेला ते बरोबर होतं. महापालिकेला वेळ साडेसात ते साडेपाच होती, निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, वेळ वेगळी. नव्या पत्रकात ती वेळ ठळक छापली होती, पण ताईंपर्यंत नवं पत्रक पोचलंच नव्हतं, जुना चौकोन पोचला होता. त्या काही बोलल्या नाहीत, फोन परत पर्समध्ये ठेवला आणि निघून गेल्या. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्याच दिवशी सकाळी अजून एक झालं होतं, तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. दोघा-तिघांनी बाहेर येऊन विचारलं की ती सात सेकंद दिसणारी चिठ्ठी दिसली नाही, आमचं मत गेलं की नाही? ती चिठ्ठी व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची, विधानसभेला होती, महापालिकेला व्हीव्हीपॅट नव्हतंच. त्यातल्या एकाने तरी ते आमच्या जुन्या पत्रकात वाचलेलं, मी विचारलं म्हणून कळलं.

घरी येऊन दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून बसलो. चूक माहितीत नव्हती, क्रियापदात होती. प्रश्नोत्तरं लिहायला घेतली की हाताला आपोआप 'असतं' येतं. मतदान सहापर्यंत असतं, चिठ्ठी सात सेकंद दिसते, अमुक कागद चालतो. प्रश्न विचारणाराच तसं विचारतो, मग उत्तरही तसंच येतं, जणू हे कायमचं आहे. क्रमवार लिहिताना माणूस आज्ञार्थात बोलतो आणि कुठल्यातरी दिवशी बोलतो. "गुरुवारी १५ जानेवारीला संध्याकाळी साडेपाचच्या आत रांगेत उभे राहा." हे वाक्य कापून दोन वर्षांनी कोणी फॉरवर्ड केलं तरी वाचणाऱ्याला तारीख दिसते आणि हे जुनं आहे हे कळतं. कोणी म्हणेल की मग प्रश्नोत्तरांतही तारीख टाका की. टाकता येते, मी टाकूनही बघितली, पण वीस प्रश्नांत वीस वेळा तारीख आणि निवडणुकीचं नाव टाकलं की ते वाचवत नाही, आणि दोन-चार ठिकाणी राहूनच जाते. आणि व्हॉट्सॲपवर नेमका तोच राहिलेला चौकोन फिरतो.

हे सगळं एका शहरातलं आणि दोन निवडणुकांतलं, तेव्हा तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. नावनोंदणीच्या मोहिमेसाठी मी अजूनही प्रश्नोत्तरंच सुचवेन, कारण तिथली बरीचशी माहिती खरोखरच 'असतं' मध्ये बसते. पात्रतेच्या तारखा (ज्या तारखेला वयाची १८ वर्षं पूर्ण असावी लागतात) वर्षातून चार, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, पत्ता बदलला तर फॉर्म ८, हेल्पलाइन १९५०. तिथेही एक जपा, यादीत नाव आलं म्हणजे प्रत्येक निवडणुकीत मत देता येईल असं लिहू नका. या महापालिकेला १ जुलै २०२५ ची यादी वापरली, ज्यांचं नाव त्यानंतर लागलं ते राहिले. फोनवर उत्तरं देणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हातात ठेवायला पण प्रश्नोत्तरंच बरी, ती बाहेर जात नाहीत. मतदारांच्या हातात, मतदानाच्या आठवड्यात जे पान जाणार आहे ते मात्र मी आता क्रमवारच लिहीन. अडलेल्यांसाठी मागच्या बाजूला चार चौकोन ठेवतो: नाव सापडत नाही, नावावर आधीच मत पडलंय, ओळखपत्र नाही, चालता येत नाही. चारही आज्ञार्थात, आणि प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत निवडणूक आणि तारीख.

पुढच्या पत्रकाचा कच्चा मसुदा तयार आहे. छपाईला द्यायच्या आधी पेन घेऊन 'असतं', 'लागतं', 'चालतं', 'दिसतं' एवढंच शोधत बसलो. अकरा ठिकाणी सापडलं, नऊ बदलले. दोन तसेच ठेवले, एक शाई डाव्या हाताच्या बोटाला लावतात हे, आणि दुसरं, मत कोणाला दिलं ते कोणालाही सांगावं लागत नाही.