कॉर्बेटच्या नावावर सीताबनी: सफारी बुक करण्याआधी हे वाचा

कुमाऊंत गाडीने फिरून शेवटी जिम कॉर्बेटची सफारी करायचा बेत असेल, तर आमच्या बाबतीत काय झालं ते आधी ऐका.

नैनीताल, कौसानी, राणीखेत करून आम्ही मोहानमार्गे रामनगरला उतरलो. फार देखणा रस्ता आहे हा. चीडची झाडं मागे पडून सालाचं जंगल लागतं आणि गर्जिया देवीपर्यंत कोसी नदी सोबतीला असते. १९३६ साली झालेलं देशातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान एकदा बघायचंच, ही आईची जुनी इच्छा.

बिजरानी झोनची सकाळची सफारी पुण्यातूनच बुक केली होती. वेबसाइटवर वाघाचं चिन्ह, वर ठळक ‘अधिकृत बुकिंग’. पूर्ण पैसे आगाऊ घेतले, तेही कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर. परवाना म्हणून एक पीडीएफ आली.

सकाळी जिप्सी (सफारीची उघडी जीप) निघाली ती भलत्याच रस्त्याला. आम्ही हट्टाने ती बिजरानीच्या आमडंडा गेटवर न्यायला लावली. वनरक्षकाने यादीवरून बोट फिरवलं, परत वरपासून खालपर्यंत फिरवलं. आमचं एकही नाव नव्हतं. आई शाल लपेटून गप्प बसली होती आणि शेजारच्या गाड्या एकेक करून आत जात होत्या. एजंट फोनवर म्हणाला, "सर्व्हर डाउन था, सीताबनी चले जाइए, जंगल वही है."

साफ खोटं. सीताबनी हे रामनगर वन विभागातलं राखीव जंगल आहे, राष्ट्रीय उद्यानाचा भाग नाही. आणि ड्रायव्हरला तर आदल्या दिवशीच सीताबनीचं भाडं सांगून ठेवलं होतं! म्हणजे सर्व्हरचा प्रश्नच नव्हता, सगळं ठरवून केलेलं. याचाच संताप जास्त आहे.

खऱ्या परवान्यावर पर्यटकांची नावं आणि ओळखपत्राचे क्रमांक असतात. आमच्या पीडीएफवर क्रमांक नव्हते. बुकिंग फक्त सरकारी वेबसाइटवरूनच करा. ढिकाला झोनमध्ये दिवसभरासाठी जाणाऱ्यांना कँटरच (उघडी मिनीबस) असतो, जिप्सी फक्त आत मुक्काम करणाऱ्यांना. तेव्हा कुणी ढिकालाची ‘डे जिप्सी’ विकत असेल, तर तिथेच फोन ठेवा.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. एजंटचा नंबर बंद आहे, पण तीच वेबसाइट आता दुसऱ्या नावाने सुरू आहे.