जळजळ झाली: अँटासिड की ओमेप्राझोल?

दादरला घाईत वडापाव खाल्ला आणि छातीत जळजळायला लागलं, तर अँटासिडचं पातळ औषधच बरं. ते पोटातलं आम्ल तिथल्या तिथे शमवतं, काही मिनिटांत आराम पडतो. पण तो फार टिकत नाही. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत ४ तासांचं अंतर ठेवा. ईनोसारख्या पुड्यांत सोडियम असतं, बीपी असलेल्यांनी जपावं.

ओमेप्राझोल आम्ल तयार होणंच कमी करतं. पूर्ण परिणामाला १ ते ४ दिवस लागतात, त्यामुळे आत्ताच्या जळजळीला ते कामाचं नाही. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून, जेवणाआधी घ्यावं. केमिस्ट देतो म्हणून महिनोन्महिने गोळ्या खाणं मला अजिबात पटत नाही.

दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, घाम फुटला, तर दोन्ही राहू द्या. लगेच १०८ ला फोन करा.