अलेप्पीची हाउसबोट: फोटोतली वेगळी, धक्क्यावरची वेगळी

बाबांना केट्टुवळ्ळम बघायची होती. खिळा न मारता, आंजिलीच्या फळ्या काथ्याने शिवून बांधलेली, एकेकाळी भाताची पोती वाहणारी, आता हाउसबोट झालेली केरळची होडी. त्यांचे गुडघे जिने चढू देत नाहीत, म्हणून माझी एकच अट होती: बोट एकमजली हवी, खोलीतून सरळ समोरच्या डेकवर येता यायला हवं.

ऑनलाइन सापडलेल्या एजंटने अशीच बोट दाखवली. तीन खोल्या, दिवसरात्र एसी, वेंबनाड तलावात मुक्काम, '२१ तासांचं क्रूझ'. पंचवीस हजारांतले बारा हजार आगाऊ. पैसे गेले एका माणसाच्या नावाच्या यूपीआयवर, कंपनीच्या खात्यावर नाही. तिथेच मी थांबायला हवं होतं. पावती म्हणून आला व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज. त्यात बोटीचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, नुसतं 'डिलक्स ३ बेडरूम'.

धक्क्यावर भेटला तो दुसराच माणूस. आमच्या बोटीचं इंजिन सकाळीच बिघडलं म्हणाला, पण 'सेम कॅटेगरी'ची दुसरी तयार होती. तिथे बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. आमची तिसरी. म्हणजे बाबांनी दोन बोटी ओलांडून, मधल्या हलत्या फळीवरून जायचं. आईने त्यांचा एक हात धरला, मी दुसरा. ते काही बोलले नाहीत, पण माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. आत गेल्यावर कळलं, बसायची जागा माडीवर, लोखंडी जिन्याने वर. बाबा शेवटपर्यंत वर गेले नाहीत. खोलीच्या खिडकीतून दिसलं तेवढंच पाणी त्यांनी पाहिलं. उरलेले तेरा हजार बोट सुटायच्या आधीच रोख मागितले आणि मी दिले. हॉटेल सोडलेलं, सामान चढवलेलं, आईबाबा घामाघूम. अशा वेळी माणूस भांडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पण सगळ्यात मोठी फसवणूक वेळेची, आणि ती बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. दुपारी बारा ते सकाळी नऊ, हिशेबाने २१ तास होतात खरे. त्यात बोट चालते ती जेमतेम चार-पाच तास. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोटी काठाला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात. ही पद्धत योग्यच आहे. आपल्या हौसेपायी कुणाची जाळी फाटू नयेत. आमच्या लोकांनी मात्र त्या जाळ्यांचंच निमित्त केलं. पाऊणला निघालो, दीडला जेवणासाठी बोट बांधली, तीनला सुटली, चारला पुन्हा बांधली. विचारलं तर 'जाळी आहेत'. इतर बोटी समोरून साडेपाचपर्यंत जात होत्या. त्या दिवशी आम्ही चाललो ते पावणेदोन तास. एसी रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच देण्याची तिथे सर्रास पद्धत आहे, त्यामुळे 'दिवसरात्र' हे आधीपासूनच खोटं होतं. आमचा तर रात्री एकलाच बंद पडला.

स्वयंपाकी कुट्टनाडचाच, म्हणजे अलेप्पीजवळच्या त्याच भातशेतीच्या भागातला होता, भला माणूस. आगाऊ रक्कम एजंटच्या खिशात राहते, मालक मग डिझेल मोजून देतो, असं त्याने हळूच सांगितलं. त्याच्यावर माझा राग नाही.

त्याच एजंटने पातिरामणल बेट आणि कुमरकोमचं पक्षी अभयारण्य दाखवायचे आणखी तीन हजार घेतले होते. सकाळी गाडी आलीच नाही, फोन बंद. शेवटी आम्ही राज्य जलवाहतूक खात्याच्या साध्या प्रवासी बोटीत बसलो. तिकीट अगदी मोजक्या रुपयांचं. बसायला सरळ बाक, जिना नाही. बांधापलीकडची शेतं पाण्याच्या पातळीहून खाली कशी आहेत, पाणकावळे खांबांवर पंख पसरून कसे बसतात, हे बाबांना तिथे दिसलं.

तुम्ही जाणार असाल तर फोटोवर बुकिंग करू नका. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक लेखी मागा, आणि धक्क्यावर तोच क्रमांक बोटीवर आहे का ते बघूनच उरलेले पैसे द्या. 'किती तासांचं क्रूझ' असं विचारूच नका. बोट किती वाजता सुटते, जेवायला किती वेळ थांबते, किती वाजता बांधते, हे विचारा. सोबत वयस्कर माणसं असतील तर चढायची जागा आदल्या दिवशी स्वतः पाहून या. शक्य असेल तर आगाऊ काहीच न देता सकाळी धक्क्यावर जाऊन बोट ठरवा. गर्दीचे दिवस सोडले तर पर्याय मिळतात.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पोलिसांचं म्हणणं, बोट मिळाली ना, मग हा सेवेतल्या त्रुटीचा मामला. म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. स्क्रीनशॉट होते म्हणून निदान तक्रार उभी राहिली. पैसे अजून आलेले नाहीत. परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. एजंटचं नाव बदललंय, नंबरही बदललाय. फोटो तेच आहेत, डेकवरच्या वेताच्या खुर्चीत निळी उशी असलेले.