जास्वंद घ्यायची असेल तर इथेच या

सोलापूर रोडला हडपसरच्या पुढे नर्सऱ्यांची रांगच आहे पण जास्वंदीचे एवढे प्रकार मला तरी दुसरीकडे दिसले नाहीत. लाल, पांढरी, पिवळी, केशरी, डबल पाकळ्यांची गुलाबी, कातरलेल्या पाकळ्यांची खाली लोंबणारी झुंबर जास्वंद, आणि ती मिरची जास्वंद जिचं फूल कधी पूर्ण उमलतच नाही, सगळं एकाच शेडमध्ये. हायब्रीडची फुलं तर तळहाताएवढी, एकाच फुलात दोन-तीन रंग.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे इथले काका आधी विचारतात, कशासाठी पाहिजे? म्हटलं गणपतीला रोज घरचं फूल मिळावं, तर त्यांनी महागडं हायब्रीड बाजूला ठेवून साधी देशी, पाच पाकळ्यांची लालच काढून दिली. अगदी बरोबर केलं. अथर्वशीर्षात 'रक्तपुष्पैः सुपूजितम्' आहे आणि बाप्पाला लाल फूल म्हटलं की आपल्याकडे जास्वंदच, तिकडे बंगालमध्ये कालीमातेलाही हीच लाल जास्वंद वाहतात. शोभेसाठी हायब्रीड खुशाल घ्या, पण फूल एका दिवसाचंच असतं त्यामुळे रोज पूजेला पाहिजे तर भरपूर फुलणारं झाडच हवं, आणि त्यात देशीला तोड नाही.

मैत्रिणीने पिवळं हायब्रीड घेतलं तर तिला खोडावरची कलमाची गाठ बोट ठेवून दाखवली, गाठीच्या खालून फुटवा आला की लगेच काढायचा नाहीतर खालचं देशीच जोर धरतं आणि वरचं हायब्रीड मागे पडतं. रोप देताना प्रत्येक शेंड्याची पानं उलटी करून बघितली, मिलीबग म्हणजे तो कापसासारखा पांढरा किडा जास्वंदीला फार लागतो ना, आणि खोडावर मुंग्या चढताना दिसल्या की पानाखाली बघायचं हेही सांगितलं. एवढं कोण सांगतं हो आजकाल!

पूर्ण ऊन येणारी बाल्कनी असेल तरच घ्या, सावलीत नुसती पानंच वाढतात. आणि छाटायला घाबरू नका, कळ्या नवीन फुटीलाच येतात.

हायब्रीडचे रेट जरा जास्त वाटले. पार्किंग नाही, टू-व्हीलरच बरी, आणि गणपतीच्या आधीच्या रविवारी प्रचंड गर्दी असते तेव्हा मधल्या वारी सकाळी जा म्हणजे काकांना निवांत विचारता येतं.